कपाशीच्या गोदामातली शाळा

अन्याय झाला तो अकरा पोरांवर. सन एकोणीसशे एकोणसाठ, जुलै महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकराची घंटा झाल्यावर. शाळेचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं, म्हणून शाळा देवळाच्या धर्मशाळेत भरणार होती. त्या धर्मशाळेच्या पायरीवर उभं राहून हेडमास्तरांनी अकरा पोरांना सांगितलं की तुम्ही घरी जा, निरोप येईल तेव्हा या. कारण सांगितलं नाही. पोरांनीही विचारलं नाही. आमच्या पोरांना अशा वेळी कारण विचारायची गरज पडत नाही.

त्या अकरांत माझी धाकटी बहीण होती. सातवीत होती. मार्चमध्ये सातवीची फायनल होती, आणि फायनल पास झालेल्या मुलीला त्या काळी ट्रेनिंग करून मास्तरीण होता येत असे. आमच्या वस्तीतून तोवर एकही मुलगी सातवीपर्यंत पोचली नव्हती. ती दप्तर घेऊन परत आली, दप्तर खुंटीला टांगलं आणि अंगण झाडायला लागली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काई नाई. आपल्याले जागा नाई म्हने."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालो होतो, नोकरी नव्हती, आणि पत्रकं लिहायचा नाद होता. आमचं गाव दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर. कपाशीतली सरकी काढायचं एक जिन, एक बाजार, एक शाळा. दिग्रसला पायाने चालवायचं एक छापयंत्र होतं, त्याचा मालक माझी पत्रकं उधारीवर छापायचा आणि वर शुद्धलेखनही सुधारायचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही धर्म बदलला होता. बापाने गावकीची कामं टाकली होती. बोलावणं आलं तरी जायचं नाही, मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं वस्तीने ठरवलं होतं. त्या दिवसांत माझ्या अंगात एवढा राग होता की तो ठेवायला पत्रकाशिवाय दुसरं भांडं नव्हतं.

मंगळवारी लिहिलं, बुधवारच्या बाजारात वाटलं. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की ज्या माणसाने आम्हाला पडवीत बसवून शिकवलं, त्याच माणसाने आता पडवीतूनही हाकललं. हे खोटं नव्हतं. मी तिसरीपर्यंत शाळेच्या पडवीत बसूनच शिकलो. आत मास्तर बोलायचे ते दारातून जेवढं बाहेर सांडेल तेवढं आमचं. तेव्हा हे हेडमास्तर साधे मास्तर होते, आणि मला मुळाक्षरं त्यांनीच घालून दिली होती, लांबून, जमिनीवर काठीने.

गुरुवारी दिवे लागायच्या आधी ते आमच्या घरी आले. वस्तीत मास्तर यायचे ते माणसांच्या मोजणीच्या कामापुरते, आणि तेही रस्त्यावरच उभे राहायचे. हे आत आले, बाजेवर बसले, पाणी मागितलं आणि प्याले. मग खिशातून माझं पत्रक काढलं. त्यावर लाल शाईने एक दुरुस्ती केलेली होती, वहीवर करतात तशी.

"तू लिहिलं ते खरं आहे," ते म्हणाले. "पण आकडा चुकला. नऊ नाही, अकरा. मांगवाड्यातली दोन तू मोजलीच नाहीस."

मी म्हणालो, ती आमच्यातली नाहीत. ते धर्मांतरात आले नव्हते.

हेडमास्तर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. माय चुलीपाशी होती, तिथूनच तिने विचारलं, "त्याईले बी घरीच पाठोलं ना? मंग थे कोनाच्यातले हायेत?"

मी पत्रकातला तो आकडा पुन्हा पाहिला. आजही सांगून टाकतो, ती माझी लाज आहे. त्या दोन पोरांना गाळल्याने नुसता आकडा चुकला असं नाही, माझा सगळा मुद्दा लंगडा झाला. देवळाच्या पंचांनी हेडमास्तरांना सांगितलं होतं की या लोकांनी आमचे देव सोडले, आता देवाच्या ओसरीत यांना कायले जागा पाहिजे. बोलायला सोपं, ऐकायला कायदेशीर. पण मांगवाड्याने तर देव सोडले नव्हते. त्यांची पोरं का घरी पाठवली? त्या दोघांना मोजलं असतं तर पंचांचं तोंड बाजारातच बंद झालं असतं. मी माझी वस्ती मोजली आणि थांबलो.

मग मी हेडमास्तरांना विचारलं की पंचांची अट तुम्ही मान्य का केली.

"नाही तर ती अकरा पोरं धर्मशाळेच्या पायरीवर बसली असती. तू बसायचास तशी. ते मला पुन्हा पाहायचं नव्हतं."

"म्हणून डोळ्यांआड घरी पाठवली?"

"हो," ते म्हणाले.

एवढंच. सबब नाही, वरचा हुकूम होता असं नाही, तू लहान आहेस तुला कळणार नाही असंही नाही. मी त्यानंतर बऱ्याच मोठ्या माणसांना तोंडावर जाब विचारला आहे. असं साधं 'हो' फार थोड्यांकडून मिळालं. जाताना त्यांनी बहिणीला सांगितलं की उद्या दप्तर घेऊन ये, कुठे भरेल ते सकाळी कळेल. तिने मान हलवली, पण दप्तर खुंटीवरून काढलं नाही. तिचाही विश्वास नव्हता.

शुक्रवारी सकाळी धर्मशाळेत प्रार्थना झाली. प्रार्थना संपल्यावर हेडमास्तरांनी मुलांना बसायला सांगितलंच नाही. रांगा तशाच ठेवल्या आणि अख्खी शाळा बाहेर काढली. बाजारातून, तेल्याच्या घाण्यावरून, आमच्या वस्तीच्या तोंडाशी आल्यावर रांग थांबवली. आमची नऊ पोरं रांगेत घेतली. पुढे मांगवाड्याच्या वळणावर पुन्हा थांबले, दोन घेतली. मग सगळी वरात जिनाच्या फाटकातून आत गेली. मी मागून चालत होतो, खिशात दुसऱ्या पत्रकाचा मसुदा घेऊन. तो कामाला आला नाही, याचा मला तेव्हा थोडा रागच आला.

जिन पावसाळ्यात बंद असतं. कपाशी दिवाळीनंतर येते, होळीपर्यंत चालते, बाकी वर्षभर ते टिनाचं मोठं गोदाम रिकामं पडून राहतं. हेडमास्तर रात्रीच जिनाच्या मालकाकडे, शेठकडे गेले होते. शेठ काही समाजसुधारक नव्हता. त्याने म्हणे एवढंच सांगितलं की गोदामात उंदीर राहतात, त्यापेक्षा पोट्टे बरे, कुरतडत तरी नाहीत. पण अट घातली. कपाशीची पहिली बंडी, म्हणजे बैलगाडी, फाटकात आली की त्या दिवशी गोदाम खाली करायचं.

आता जुनी शाळा कशी होती ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. इंग्रजांच्या काळातली कवेलूंची, म्हणजे कौलांची इमारत. चार खोल्या. खिडक्या इतक्या उंच की पोरांना फक्त आभाळ दिसावं. प्रत्येक खोलीत मास्तरांसाठी दगडी ओटा, ओट्यामागे एकच फळा, तोही मास्तरांच्या उंचीवर. मागच्या रांगेला फळ्यावर फक्त चकाकी दिसायची. आढ्याला वाळवी लागली म्हणून दुरुस्ती मंजूर झाली होती, वैशाखात कवेलू उतरवले, मग सागाचं लाकूड वेळेवर आलं नाही आणि काम लटकलं. मंजुरी होती ती जशी होती तशीच पुन्हा बांधायची. ओटे नवे, खिडक्या तितक्याच उंच.

हेडमास्तर मात्र आदल्या वर्षी एका शिबिरात नव्या पद्धतीचं शिक्षण शिकून आले होते. मुलांचे गट पाडायचे, गटाला काम द्यायचं, मुलांनी एकमेकांना शिकवायचं, मास्तरांनी मधून फिरायचं. जुन्या शाळेत त्यांनी ते करून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. ओट्यावरून फिरता येत नाही.

गोदामात पहिल्याच आठवड्यात जोराचा पाऊस आला. टिनावर पाऊस पडतो तेव्हा काय होतं, हे ज्याने ऐकलं आहे त्याला सांगायला नको. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोललेलं कळत नाही. हेडमास्तर इतिहास सांगत होते. ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. दुसरे तीन मास्तर हातवारे करून थकले आणि रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसून राहिले. हेडमास्तरांनी खिशातले कागद फाडले, त्यावर गणितं लिहिली आणि पोरांत वाटली. पाच-सहा डोकी एका कागदावर वाकली. डोक्याला डोकं लावल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं, म्हणून लावावं लागलं. पाऊस दुपारभर चालला. मी फाटकापाशी उभा होतो, आणि शंभरावर पोरं एका छताखाली, कोणी ओरडत नाही, कोणी झोपत नाही, असं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर गट पाडले, आणि इथे त्यांची मोठी चूक झाली. शिबिरात दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की शेजारी राहणाऱ्या मुलांचे गट करावेत, म्हणजे शाळा सुटल्यावरही ती एकत्र अभ्यास करतील. पुस्तक लिहिणारा शहरातला असणार. आमच्या गावात शेजारी कोण राहतं? हेडमास्तरांनी पुस्तकाबरहुकूम आळीवार गट केले. देशमुखांच्या वाड्याभोवतीचा एक, तेल्यांच्या आळीचा एक, मोमीनपुऱ्याचा एक, आमची नऊ पोरं एकीकडे. आणि अगदी टोकाला, जिनाच्या वजनकाट्यापाशी, मांगवाड्यातल्या दोन पोरांचा गट. दोघांचा.

कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, खरं सांगतो. बहीण उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, हे तं तुमी गावच उचलून इथं मांडलं." मग त्या दोघांकडे हात करून, "आन त्या दोघाईचा गट कायचा हाये?"

हेडमास्तर गोदामाच्या मधोमध उभे होते. त्यांनी एकेका गटाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते. मग तिला म्हणाले की बस, आणि सगळ्यांना म्हणाले की आज सुट्टी. तीन मास्तर एकमेकांकडे पाहत राहिले.

शनिवारी सगळं मोडून नवे गट. या वेळी त्यांनी जन्ममहिन्याप्रमाणे करायचं ठरवलं आणि दाखल्याचं रजिस्टर उघडलं. निम्मी शाळा जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मलेली निघाली. कुणाच्या आईबापाला तारीख ठाऊक नसायची, आणि पोर शाळेत घालताना हेडमास्तरच आपल्या हाताने ती तारीख टाकायचे. स्वतःच्याच अक्षराकडे बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. शेवटी चिंचोके आणले. प्रत्येक चिंचोक्यावर खिळ्याने आकडा कोरला, एका टोपलीत टाकले, आणि दर सोमवारी प्रत्येक पोराने न बघता एक उचलायचा. आकडा सारखा त्यांचा गट एक. चार घरांनी पोरं काढून घेतली. त्यांतली तीन पोळ्याच्या आत परत आली, कारण घरी बसून ती आयांना छळत होती.

दोन महिने ही शाळा मी जवळजवळ रोज पाहायला गेलो. आधी चूक पकडायला जायचो, मग नुसताच. माझ्या बहिणीच्या गटात पंचांपैकी एकाचा नातू आला होता. त्याला अपूर्णांक येत नव्हते. ती त्याला सरकीचे दाणे मांडून शिकवायची. एकदा तो म्हणाला की तू समजावतेस ते समजतं, पण तू रागावतेस फार. ती म्हणाली, "मंग लवकर समजत जाय ना."

मिस्त्री भेटला तो इथेच. मोमीनपुऱ्यातला हा म्हातारा सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही करायचा, दर पावसाळ्यात जिनाचं छप्परही तोच बघायचा, आणि शाळेची दुरुस्तीही त्याच्याकडेच होती. तो गोदामाचं छप्पर पेलणाऱ्या कैचीवर चढून गळती शोधत होता आणि खाली शाळा भरली होती. उतरल्यावर हेडमास्तरांना म्हणाला, वरून पाहिलं तर तुम्ही कुठे आहात तेच सापडत नाही, सगळीकडे पोट्टेच पोट्टे. हेडमास्तर त्याला बाजूला घेऊन गेले आणि नवी शाळा कशी हवी ते सांगायला लागले. ओटे नकोत. खिडक्या खाली घे, पोराला बसल्या जागी झाड दिसलं पाहिजे. मधल्या भिंतींत रुंद दारं पाड. आणि चारी भिंती पोराच्या हाताच्या उंचीपर्यंत काळ्या कर, सगळ्यांना लिहिता यावं.

मिस्त्रीने हातानेच पोराची उंची मोजून पाहिली. "मास्टरसाब," तो म्हणाला, "तुमी बी खालीच बसनार, तं मंग बाहेरून आलेल्या मानसाले मास्टर कोन हाये हे समजंल कसं?"

"नाही समजलं तरी चालेल," हेडमास्तर म्हणाले.

मंजुरीत हे नव्हतं. नोकरीला थोडी वर्षं उरली होती, आणि पेन्शनच्या तोंडावर माणूस कागदाबाहेर पाऊल टाकत नाही, हे माझ्यासारख्या बिनकामाच्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी टाकलं. मी कुठल्याही पत्रकात कुणाची स्तुती छापलेली नाही. या माणसाची करावीशी वाटत होती आणि ती कशी करतात ते मला येत नव्हतं.

मिस्त्रीने पहिली भिंत काळी केली ती जिनाच्या टिनाला रंग देण्याच्या सवयीने. काजळीत जवसाचं तेल घातलं. भिंत आरशासारखी चकाकली, खडू त्यावरून घसरायला लागला. मिस्त्री दोन दिवस तोंड लपवून फिरत होता. मग त्याने ती सगळी खरवडली, कोळशाची पूड आणि सरस कालवून लावलं, आणि पहिला खडू बहिणीच्या हातात दिला. लिहून बघ म्हणाला. तिने स्वतःचं नाव लिहिलं. बसलं.

दसरा गेला आणि घरात वेगळीच गोष्ट निघाली. बाप वाईट माणूस नव्हता. गावकी सोडल्यापासून तो मिळेल ते काम करत होता, आणि दिवाळीनंतर जिन सुरू झालं की बायकापोरींना कपाशी निवडायचं काम मिळतं, हे सगळ्या वस्तीचं ठरलेलं गणित होतं. तो म्हणाला की कपाशी आली की गोदाम खाली होईल, नवी शाळा तयार नाही, मग शाळा भरणार कुठे. पंचांची धर्मशाळा? तिथे तर आपली पोरगी जाणार नाही. "मंग पोरगी जिनातच जाईन कामाले," तो म्हणाला. "जागा तं ओयखीचीच हाये." त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. जिनाच्या कामावर एकदा बसलेली मुलगी परत वहीकडे आलेली मी पाहिली नव्हती. त्याच गोदामात, ज्या कोपऱ्यात ती अपूर्णांक शिकवत होती, तिथेच तिने कपाशीतला कचरा निवडत बसायचं. पाच महिने राहिले होते फायनलला.

म्हणजे प्रश्न साधा होता. कपाशीची पहिली बंडी यायच्या आत शाळेवर छप्पर चढतं की नाही.

दोन खोल्या तयार होत्या. दोन उघड्या. कवेलू अंगणात ढीग करून पडलेले, आणि मजूर एकही मिळेना, कारण ज्वारी कापणीला आली होती आणि कपाशी फुटली होती. मी पत्रक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यात कुणाला शिव्या नव्हत्या. घरटी एक माणूस, एक दिवस, एवढंच मागितलं होतं. सकाळी किती माणसं आली? आमच्या वस्तीतली सहा-सात, मोमीनपुऱ्यातून मिस्त्रीचे दोन पुतणे, मांगवाड्यातून त्या दोन पोरांपैकी एकाचा बाप. गावातून कोणी नाही. मी चिडून बसलो. हेडमास्तरांनी धोतर खोचलं आणि शिडी चढले. पन्नाशी उलटलेला माणूस. मिस्त्री वरून ओरडत होता की मास्टरसाब, तुमी पडले तं माह्यावर केस होईन, आणि ते चढतच होते.

मग त्यांनी वरूनच पोरांना साखळी करायला सांगितली. अंगणातून शिडीपर्यंत, हातोहात कवेलू. कसं उभं राहायचं? पोरं आपोआप त्या आठवड्याच्या चिंचोक्यांप्रमाणे उभी राहिली. आकड्याच्या मागे आकडा. दुपारपर्यंत गावात बातमी पोचली की शाळेत सगळ्यांची पोरं सरमिसळ होऊन कवेलू वाहून राह्यली, आणि मग माणसं आली. काही ओढून न्यायला आली, काही बघायला. पंचांपैकी तो एक आजोबा काठी आपटत थेट साखळीत शिरला आणि नातवाचा दंड धरला. नातवाच्या डाव्या बाजूला माझी बहीण होती, उजव्या बाजूला मांगवाड्यातलं पोर. नातू हातातला कवेलू पुढे देत म्हणाला, "आबा, सरका ना बाजूले, मागून कवेलू येऊन राह्यले."

आबा सरकले. याहून जास्त काही झालं असं मी लिहिणार नाही. त्यांनी हात लावला नाही, आशीर्वाद दिला नाही, त्यांचं मन बदललं की नाही मला ठाऊक नाही. काठी टेकून ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले, आणि नातवाला घरी नेलं ते काम संपल्यावर. पण आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी सदरे काढले आणि ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी जास्त आली. पाचव्या दिवशी शेवटचा कवेलू बसला तेव्हा जिनाच्या फाटकाबाहेर कपाशीच्या तीन बंड्या येऊन उभ्या होत्या. शेठने त्यांना दुपारभर थांबवलं. पोरं आपापली बसकरं डोक्यावर घेऊन बंड्यांच्या बाजूने बाहेर पडली, आणि शेठने गोदाम झाडून घ्यायला माणूस पाठवला तर ते आधीच झाडलेलं होतं.

डेप्युटी साहेब तपासणीला आले ते थंडीत. आल्या आल्या त्यांनी विचारलं की ओटा कुठे आहे, मास्तरांची जागा कुठली. हेडमास्तर म्हणाले, ज्याचं अडलं असेल त्याच्याजवळ. साहेबांना ते आवडलं नाही. मंजुरीप्रमाणे बांधकाम नाही असा शेरा त्यांनी वहीत लिहिला, आणि तो शेरा हेडमास्तरांना पुढे बरेच दिवस भोवला, खुलाशावर खुलासे लिहावे लागले. पण शेरा लिहून झाल्यावर साहेब सातवीच्या खोलीत गेले. माझी बहीण आणि तो नातू भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा काढत होते आणि पैनगंगा कुठून वळते यावर भांडत होते. साहेबांनी सांगून पाहिलं, तेही चुकले. पुसदची गाडी निघून गेली तरी साहेब खाली मांडी घालून बसलेले होते, हातात खडू.

मार्चमध्ये बहीण पुसदच्या केंद्रावर फायनलला बसली आणि पास झाली. त्या अकरांपैकी दहा पोरं शाळेत टिकली. एक गेलं. मांगवाड्यातलं एक पोर, थंडीत मामाच्या गावाला कपाशी वेचायला गेलं ते परत आलंच नाही. माझ्या बहिणीसाठी मी पत्रक काढलं, हेडमास्तर शिडी चढले. त्या पोराच्या घरी विचारायला कोणी गेलं नाही. मी नाही, हेडमास्तर नाहीत. दोन महिन्यांनी रजिस्टरात त्याच्या नावावर रेघ मारली तेव्हा आम्हाला कळलं. हेडमास्तरांनी ती रेघ मला दाखवली. तेव्हाही त्यांनी सबब सांगितली नाही.

ते आता निवृत्त झाले आहेत. शाळा उभी आहे, भिंती काळ्या आहेत, मुलं टाचा न उचलता लिहितात. बहीण पांढरकवड्याकडच्या एका गावात मास्तरीण आहे. परवा तिचं पत्र आलं. तिच्या शाळेचंही छप्पर उतरणार आहे, येत्या उन्हाळ्यात, नव्या पद्धतीला सोयीची इमारत होणार म्हणून सगळे आनंदात आहेत. तिने सभेत फक्त एकच विचारलं की तोवर कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, पोरं बसणार कुठे. उत्तर मिळालं की बघू.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या गावातली शाळाही जुनी असेल. ती पाडायची, वाढवायची, सुधारायची बोलणी चालली असतील, आणि ती चालायलाच हवीत. पण पहिली कुदळ पडण्याआधी हेडमास्तरांकडे जा आणि विचारा की मधल्या दिवसांत कोणाचं पोर कुठे बसणार. उत्तर 'बघू' आलं तर उठू नका. रजिस्टर उघडायला लावा, एकेक नाव वाचायला लावा, तुमच्या आळीतलं आणि तुमच्या आळीत नसलेलं. आणि शाळा दुसरीकडे भरायला लागल्यावर ज्या नावापुढे आठ दिवस गैरहजर लागेल, त्या घरी तुम्ही स्वतः चालत जा.